रेग्समध्ये दोनदा ६८ टक्के: आता काय आणि कसं वाचू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ट्रेनिंग सुरू आहे, उड्डाणाचे ४० तास झालेत. मेट (हवामान) आणि टेक जनरल (विमानाचं तंत्र) पहिल्या फटक्यात निघाले, पण एअर रेग्युलेशन्समध्ये (रेग्स, म्हणजे उड्डाणाचे नियम) दोन्ही वेळा ६८ टक्क्यांवर अडकले. प्रश्नांची बँक तोंडपाठ आहे. त्यात आता कायदाच बदलला म्हणतात. मग जुनी पुस्तकं टाकून द्यायची का? आणि पाठांतर वाढवण्याशिवाय दुसरा काही मार्ग आहे का?"

माझी इन्स्ट्रक्टर म्हणून बावीस वर्षं झाली, बहुतेक सगळी खानदेश-विदर्भातल्या धावपट्ट्यांवर. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगंतुगं करतो. पासिंग ७० टक्क्यांना आहे, म्हणजे तू एका प्रश्नाने हुकलीस आणि तेही दोनदा. एका प्रश्नाने हुकणाऱ्या मुलांचे पेपर मी बरेच ऐकलेत (पेपर संपल्यावर बाहेर येऊन घडाघडा सांगतात ना, तसे). त्यांना आकडे येत नसतात असं नाही. आकडा कशाचा, हे माहीत नसतं. बँकेत प्रश्न एका शब्दांत असतो, पेपरात दुसऱ्या, आणि तोंडपाठ उत्तर चुकीच्या प्रश्नाला जाऊन चिकटतं. तेव्हा पाठांतर वाढवू नकोस. निम्मं कमी कर.

आधी कायद्याचं. हो, बदललाय. १९३४चा एअरक्राफ्ट अॅक्ट गेला आणि त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, १ जानेवारी २०२५पासून लागू. पण त्याने तुझं पुस्तक रद्दीत जात नाही. आपण रेग्समध्ये जे वाचतो त्यातला फार थोडा भाग मूळ कायद्याचा असतो. कायदा सांगतो अधिकार कोणाला: डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला) काय करता येतं, सुरक्षेचं बीसीएएसकडे काय, अपघाताचा तपास एएआयबीकडे कसा. त्याच्याखाली येतात १९३७चे एअरक्राफ्ट रूल्स. जुन्या कायद्याखालचे नियम नवे येईपर्यंत चालू राहतात, त्यामुळे जो नियम बदलला नाही तो तसाच आहे. त्याखाली सीएआर, म्हणजे सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स. तुझ्या कामाचं लायसन्सिंग आणि ट्रेनिंग त्यातल्या सेक्शन ७ मध्ये. आणि प्रत्यक्ष उडताना लागणारी माहिती एआयपीत, म्हणजे देशाच्या अधिकृत हवाई माहिती-पुस्तकात. कायदा बदलल्याचा तुझ्यासारख्यांना थेट जाणवणारा परिणाम म्हणजे आरटीआर, रेडिओवर बोलण्याचा परवाना. आधी ते दूरसंचार खात्याकडे होतं, नव्या कायद्याने डीजीसीएकडे आलं. बाकी पुस्तकात १९३४ जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने २०२४ लिही आणि पुढे चल.

या सगळ्याच्या मुळाशी ७ डिसेंबर १९४४चं शिकागो कन्व्हेन्शन आहे (आयकाओ ही आंतरराष्ट्रीय हवाई संघटना त्यातूनच आली) आणि त्याची १९ अॅनेक्स, म्हणजे परिशिष्टं. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण तिच्यावर हमखास प्रश्न येतो आणि मुलं गोंधळतात. अॅनेक्समध्ये जिथे 'शॅल' आहे ते स्टँडर्ड, जिथे 'शुड' आहे ती शिफारस. एखाद्या देशाला स्टँडर्ड जसंच्या तसं पाळता येत नसेल तर आर्टिकल ३८प्रमाणे तो फरक कळवतो, आणि भारताचे असे फरक एआयपीच्या जनरल भागात छापलेले असतात. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रावर मात्र फरकबिरक काही नाही, तिथे अॅनेक्स २ जसंच्या तसं लागू. हे कळलं की 'आयकाओ म्हणतं अमुक, भारतात तमुक' या जातीचे प्रश्न सरळ होतात. उदाहरणार्थ व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याचे नियम. आपल्याकडे फ्लाइट लेव्हल १५०च्या (साधारण १५,००० फुटांच्या) वर व्हीएफआर नाही, आणि रात्रीचं व्हीएफआर फक्त लोकल आणि ट्रेनिंग फ्लाइटना, तेही एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) मोकळीक दिली तर. अमेरिकेतून लायसन्स घेऊन आलेल्या मुलांना हे पटतच नाही. तिकडे रात्री व्हीएफआरने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले असतात. म्हणून तर इथे आल्यावर त्यांनाही रेग्सचा पेपर द्यावाच लागतो.

आता मुख्य मुद्दा. पाठांतराऐवजी काय करायचं ते मी एकाच उदाहरणावर दाखवतो, ते पूर्ण बघ.

नेव्हिगेशन लाइट्स. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११० अंशांत दिसतो, पांढरा १४० अंशांत. हे तीन आकडे तू पाठ केले असणार. दुसऱ्या पानावर ओव्हरटेकिंगची व्याख्या आहे: मागून येणारं विमान पुढच्या विमानाच्या मध्यरेषेशी ७० अंशांपेक्षा कमी कोन करून येत असेल तर ते ओव्हरटेकिंग. हा ७० तू वेगळा पाठ केलास. तिसऱ्या पानावर कन्व्हर्जिंग (दोन विमानं तिरकी जवळ येणं): ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. हेही वेगळं पाठ.

आता एक कागद घे. वरून दिसणारं विमान काढ, नाक वर. नाकापासून डावीकडे ११० अंश लाल रंगव, उजवीकडे ११० हिरवं. मागे काय उरलं? १४०. मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला ७०. म्हणजे ७० अंशांची ती व्याख्या वेगळी काही नाहीच. रात्री तुला समोरच्याचा फक्त पांढरा दिवा दिसत असेल, लाल-हिरवा काही नाही, तर तू त्याला ओव्हरटेक करते आहेस. संपलं. आता त्याच कागदावर तुझ्या उजवीकडून एक विमान तिरकं येताना काढ. त्याची कुठली बाजू तुझ्याकडे आहे? डावी. तुला काय दिसेल? लाल. लाल दिसला की थांब, वाट दे. त्याला तुझी उजवी बाजू दिसते, हिरवी, तो जातो. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी रंग असेच उचलले नाहीत. ही रीत समुद्रावरून आली, आणि रत्नागिरी-मालवणकडे ट्रॉलरवर काम केलेला माणूस तुला हे सगळं परीक्षा न देता सांगेल.

चार आकडे, तीन नियम, एक चित्र. परीक्षेत ते चित्र पुसता येत नाही, आणि प्रश्न कुठल्याही शब्दांत विचारला तरी उत्तर त्यातच असतं.

यातच एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात नसते. दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आपण मोठे झालो एसटी आणि स्कूटीच्या रस्त्यावर, जिथे समोरून काही आलं की हात आपोआप डावीकडे जातो. मी ड्युअलमध्ये (विद्यार्थ्यासोबत उडताना) किती तरी वेळा पाहिलंय: अचानक विचारलं, समोर ट्रॅफिक, काय करशील? तोंड म्हणतं उजवीकडे आणि हात डावीकडे. पेपरात हे तुला चुकणार नाही. हवेत चुकेल. म्हणून खुर्चीत बसून खरंच हात उजवीकडे फिरवायची सवय कर, घरचे हसले तरी चालेल. ओव्हरटेकिंग मात्र आपल्या रस्त्यासारखंच, उजवीकडून. कॅप्टन डावीकडे बसतो, त्यामुळे ज्याला मागे टाकतोय तो त्याच्या खिडकीशी राहतो.

लँडिंगच्या प्राधान्याचा नियमही असाच अर्धा पाठ केला जातो. खाली असलेल्या विमानाला आधी उतरू द्यायचं, हे सगळ्यांना येतं. नियमाचा उरलेला अर्धा असा: पण खाली आहे याचा फायदा घेऊन त्याने फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) असलेल्या दुसऱ्यासमोर घुसायचं नाही आणि त्याला ओव्हरटेकही करायचं नाही. पेपर काढणारा नेमका तो अर्धा विचारतो. आणि टॉवर नसलेल्या, दोन-तीन स्कूल एकाच धावपट्टीवर उडवणाऱ्या आपल्याकडच्या ठिकाणी सकाळी सहा ते नऊच्या गर्दीत हाच अर्धा भाग कामाला येतो. सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली चक्कर) छोटं मारून बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या टप्प्यात, खाली घसरत आलेला मुलगा "मी खाली होतो" म्हणाला तर मी त्याला पुढच्या दिवशी उडवत नाही.

व्हीएफआरचे मिनिमा (किमान अटी) बघ. १०,००० फुटांच्या खाली दृश्यता ५ किलोमीटर, १०,००० आणि त्यावर ८. ढगांपासून आडवं अंतर १,५०० मीटर, उभं ३०० मीटर. मुलं ५ आणि ८ची अदलाबदल करतात. का ५ आणि का ८, हे विचारून बघितलं तर नाही करणार. १०,०००च्या खाली वेगाची मर्यादा २५० नॉट. दोन विमानं तशी समोरासमोर आली तर जवळ येण्याचा वेग ५०० नॉट, सेकंदाला साधारण २५७ मीटर. पाच किलोमीटर संपायला १९ सेकंद. वर ती मर्यादा नाही. समज दोघेही ४०० नॉटवर आहेत, मिळून ८००, तर आठ किलोमीटर संपायलाही तेवढेच, १९ सेकंद. हा हिशेब माझा आहे, पुस्तकातला नाही, पण यामुळे आकडा जागेवर बसतो: जिथे वेग जास्त तिथे लांबचं दिसायला हवं. तू सेसनात १०० नॉटवर असशील तेव्हा दुसरी सेसना समोरून आली तर ४८ सेकंद मिळतात, पण समोरून सेसनाच येईल असं कोणी लिहून दिलेलं नाही. ढगापासूनचं अंतरही याचसाठी. ढगातून आयएफआरवाला (उपकरणांवर उडणारा) बाहेर येतो तेव्हा तुम्हा दोघांनाही एकमेकांना बघायला वेळ हवा.

किमान उंचीचा नियम: वस्तीवर असशील तर तुझ्याभोवतीच्या ६०० मीटरच्या त्रिज्येतल्या सर्वात उंच अडथळ्यापेक्षा १,००० फूट वर, इतरत्र ५०० फूट. यात प्रश्न त्रिज्येवर येतो, कारण मीटर आणि फूट एकाच वाक्यात आहेत. याबद्दल जास्त सांगत नाही, एवढंच सांगतो की पहिल्या सोलोनंतर मामाच्या गावावरून खाली येऊन पंख हलवण्याची जी इच्छा होते, ती सगळ्यांना होते. एका मुलाने ते खरंच केलं. गावातल्याच कोणीतरी मोबाइलवर घेतलं, कौतुकाने स्टेटसला ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा होता. पुढचे कित्येक महिने त्याचं उडणं बंद होतं.

बंदी असलेल्या क्षेत्रांचे प्रश्न येतात ते एकदा नकाशावर बोट ठेवून बघ. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी डुंगरवाडीच्या (अंत्यसंस्कारांच्या) मनोऱ्यांवरून उडायला मनाई आहे हे कळल्यावर प्रोहिबिटेड एरिया म्हणजे फक्त अणुभट्टी आणि लष्कर नव्हे, हे डोक्यात राहतं. प्रोहिबिटेड म्हणजे अजिबात नाही, रिस्ट्रिक्टेड म्हणजे अटींवर, डेंजर म्हणजे ठरावीक वेळी तिथे धोक्याचं काही चालू असू शकतं. तीन शब्द, तीन अर्थ, आणि पर्यायांत तिन्ही फिरवून दिलेले असतात.

प्रकाशाच्या खुणा, म्हणजे रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्याने जे सांगतो ते. हवेत असताना: स्थिर हिरवा, उतरायला परवानगी, स्थिर लाल, दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा, हिरव्या झपक्या, उतरण्यासाठी परत ये, लाल झपक्या, विमानतळ असुरक्षित, उतरू नको, पांढऱ्या झपक्या, याच विमानतळावर उतर आणि एप्रनकडे (विमानं उभी करायच्या जागेकडे) जा. जमिनीवर तेच रंग वेगळं बोलतात: स्थिर हिरवा टेक-ऑफ, हिरव्या झपक्या टॅक्सी, स्थिर लाल थांब, लाल झपक्या धावपट्टीवरून बाजूला हो, पांढऱ्या झपक्या जिथून निघालीस तिथे परत जा. हे मात्र खरंच पाठ करावं लागतं, मी खोटं सांगणार नाही. पण एक धागा आहे: स्थिर दिवा म्हणजे आत्ताच्या आत्ताचा निकाल, झपक्या म्हणजे पुढची हालचाल. 'कळलं' हे कसं सांगायचं तेही विसरू नकोस. दिवसा हवेत पंख हलवून, जमिनीवर एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) किंवा रडर (शेपटीचं सुकाणू) हलवून. मला आयुष्यात हे एकदाच वापरावं लागलं, रेडिओ मेला तेव्हा. ट्रान्सपॉन्डरवर ७६०० (रेडिओ बंद असल्याचा कोड) टाकला, टॉवरकडे बघत सर्किटमध्ये आलो आणि तो हिरवा दिवा दिसला तेव्हा जो आनंद झाला तो आजवर कुठल्या रिझल्टने दिला नाही.

अपघाताच्या व्याख्येवर तू नक्की एक गुण घालवला असशील, बहुतेक जण घालवतात. अॅनेक्स १३ वाच. व्याख्येचं मर्म 'उड्डाणाच्या इराद्याने' या शब्दांत आहे. पहिली व्यक्ती उड्डाणाच्या इराद्याने चढली तिथपासून सगळे उतरेपर्यंत. आता दोन चित्रं बघ. इंजिन चालू, विद्यार्थी सोलोला निघालाय, आणि चाकाखालचा ठोकळा काढणाऱ्याला प्रोपेलर लागून तो गंभीर जखमी झाला: व्याख्येने अपघात. तेच विमान हँगरसमोर फक्त ग्राउंड रनसाठी चालू आहे, कोणी उडणार नाहीये, आणि तीच इजा झाली: या व्याख्येने अपघात नाही, इजा कितीही मोठी असो. गंभीर इजेचे आकडे त्याच पानावर आहेत: इजेपासून ७ दिवसांच्या आत सुरू झालेलं ४८ तासांपेक्षा जास्त रुग्णालयात राहणं, किंवा हाड मोडणं, पण बोट, पायाचं बोट किंवा नाकाचं साधं फ्रॅक्चर धरत नाहीत. ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो प्राणघातक इजेत. तीन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

दारूचा नियम दोन ओळींत. उडण्याआधी १२ तास, आणि ब्रेथ टेस्टमध्ये शून्य. आठ तास हे अमेरिकन पुस्तकातलं आहे, आपल्या पर्यायांत ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तू घेत नसशील, पण काही माउथवॉश, खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असतं. कमर्शियल क्रूचं पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. "सर, कफ सिरप होतं" हे मशीन ऐकत नाही.

शोध आणि बचावाचे तीन टप्पे, वेक टर्ब्युलन्सचे (विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचे) वर्ग, धावपट्टीच्या खुणा हे सोपे गुण आहेत. दोन संध्याकाळी पुरतात. शिकागो कन्व्हेन्शनच्या आर्टिकल नंबरांच्या मागे मात्र लागू नकोस. पाच-सहा महत्त्वाचे कर आणि सोड.

आता एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण ४० तास झालेत म्हणतेस म्हणून सांगतो. रेग्स हा फक्त पेपर नाही, तुझं लायसन्स त्याच नियमांवर मोजलं जाणार आहे. स्टुडंट लायसन्सवर सोलो क्रॉस कंट्रीला (एकटीने लांबच्या उड्डाणाला) जायचं तर किमान १० तास सोलो आणि रेग्ससकट जमिनीवरचे पेपर झालेले असावे लागतात. म्हणजे हा एक पेपर तुझं पुढचं फ्लाइंग अडवून बसू शकतो, आणि फीचा मीटर चालूच. सीपीएलला २०० तास: त्यात १०० पायलट इन कमांड (पीआयसी), २० तास पीआयसी क्रॉस कंट्री, १० तास इन्स्ट्रुमेंट ज्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर, ५ तास रात्रीचे. शिवाय क्लास १ मेडिकल. ते अजून झालं नसेल तर पुढचा हप्ता भरण्याआधी करून घे. रंग नीट न ओळखता आल्याने शेवटी अडकलेली मुलं मी पाहिलीत.

आणि सीपीएलसाठी लागणारी ती ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री. नियम म्हणतो, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग, म्हणजे उतरून पूर्ण थांबायचं. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या स्कूलमधून तास पूर्ण करून आला होता. अर्ज भरताना त्याचं लॉगबुक मी चाळलं. ३२० मैल, मस्त मार्ग, वारा चांगला लिहिलाय. दुसऱ्या विमानतळासमोर रिमार्कमध्ये सरळ लिहिलेलं: टच अँड गो. तिथे इंधन मिळायला उशीर होईल म्हणून इन्स्ट्रक्टरने सांगितलं होतं, चाक टेकवून निघ. त्याला नियम पाठ होता, त्याने मला धडाधडा म्हणून दाखवला, 'फुल स्टॉप' या शब्दांसकट. पण त्या दिवशी उडताना तो नियम आणि ते लँडिंग या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत. तीन तासांचं उड्डाण पुन्हा करावं लागलं, स्वतःच्या पैशाने, आणि तोवर पावसाळा लागला होता.

तुझी ती क्रॉस कंट्री अजून व्हायची असेल. नियमाचं ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेव, आणि ज्या दिवशी जाशील त्या दिवशी ब्रीफिंगमध्ये इन्स्ट्रक्टरसमोर उघडून ठेव. पेपरची तारीख मिळाली की कळव, तोवर दिव्यांचं ते चित्र तीनदा कोऱ्या कागदावर काढ, पुस्तक न बघता.